मन्मथप्पांचं जनावर

मन्मथप्पा कुणालाही भेटले की आधी त्याचा हात हातात घेत आणि खांद्यावरचं उपरणं त्यावर टाकत. मग भलतीकडेच कुठंतरी बघत उपरण्याखाली त्याची बोटं चाचपत. समोरचा माणूस बोलत राही. प्रकृती, पाऊस, पोराची नोकरी. मन्मथप्पांचं तिकडे लक्ष नसे. थोड्या वेळाने ते हात सोडत, उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकत आणि निकाल देत, "तोंडानं बरं हाय म्हणालाव. हातात काईतरी बिनसलंय."

पोस्टमन यातून सुटला नाही. गल्लीतले ड्रॉइंग मास्तर सुटले नाहीत. एकदा ताप आला म्हणून इंजेक्शन द्यायला कंपाउंडर आला, तर त्याचाही हात उपरण्याखाली गेला. मन्मथप्पा त्याला म्हणाले, "सुई मला न्हाई, तुमालाच टोचालीय बगा." कंपाउंडर नवीन होता. ते त्याचं पहिलंच इंजेक्शन होतं, हे नंतर कळलं.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी नांदेडच्या आमच्या दैनिकाने मला तिथे बातमीदार म्हणून पाठवलं. गाव तेव्हा जागच्या जागी धावत होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या. कालपर्यंत ज्या खोलीत पापड वाळायचे तिथे आज साहेब बसायचे आणि उद्या ते साहेब कुठे गेले हे शिपायालाही माहीत नसायचं. पेंटरांना उसंत नव्हती. आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याने पाटीवर नावाआधी 'जिल्हा' हा शब्द रंगवून घेतला होता. पाऊस मात्र रुसलेला होता. टँकर आला की नव्या जिल्ह्याचा सगळा रुबाब घागरी घेऊन रस्त्यावर येई.

मन्मथप्पांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी भाड्याने राहायला आलो. भाडं उपरण्याखाली ठरलं. त्यांनी माझी बोटं दाबली, मी घाबरून त्यांची दाबली, आणि ते म्हणाले, "जमलं." काय जमलं ते मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीकडून, नीलाअक्कांकडून, समजून घ्यावं लागलं.

उपरण्याची ही सवय धंद्यातली होती. मन्मथप्पा जनावरांच्या बाजारातले दलाल. रेणापूर, उदगीर, देवणी, जिथे बाजार तिथे ते. आमच्याकडच्या बाजारात बैलाची किंमत तोंडाने बोलत नाहीत. घेणारा, विकणारा आणि मधला दलाल कापडाखाली हात धरतात आणि बोटांच्या खुणांनी भाव सांगतात. बाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. बोटं भाव सांगत, पण मन्मथप्पांचा कान त्यापलीकडे असे. ते हाताचा घाम बघत. त्यांचा साधा नियम होता. ओला हात म्हणजे जीव अडकलाय, या माणसाला हे जनावर सोडवत नाही. कोरडा हात म्हणजे गडी मोकळा, सौदा करायला हरकत नाही. "तोंड वकील असतंय, हात साक्षीदार," असं ते म्हणत, आणि दिवसातून इतक्यांदा म्हणत की घरात कुणी हात धुवायला गेलं तरी, साक्षीदार आंघोळीला निघाला, असं मी मनात म्हणू लागलो.

ते लिंगायत. सकाळी अंगाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसत. तेवढा वेळ ते स्थिर. बाकी दिवसभर पायाला चाक. ओसरीवर बसले की उठत, उठले की गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत, आणि काम नसलं की उपरण्याखाली आपलेच दोन्ही हात धरून स्वतःशी सौदा करत. त्यात कोण जिंकलं ते चेहऱ्यावरून कळत नसे. दुष्काळाने बाजार पडले होते, त्यामुळे हा सौदा अलीकडे फार चाले.

नीलाअक्का उलट. दिवसभर कामात, आणि बोलणं मोजकं. काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "काय न्हाई." भाजीत मीठ कमी आहे का? काय न्हाई. माहेरहून पत्र आलं, काय लिहिलंय? काय न्हाई. अक्कांचं माहेर देवणीकडचं. त्या रागावलेल्या मी एकदाच पाहिल्या. घरामागे रिकामा गोठा होता. तिथल्या खुंटीवर एक जुनं दावं टांगलेलं होतं. मी आल्या आल्या त्यावर माझा ओला टॉवेल वाळत घातला. अक्कांनी तो काढला, माझ्या हातात दिला आणि आत गेल्या. त्या दिवशी मला चहा उशिरा मिळाला.

त्या दाव्याची हकीकत मन्मथप्पांनी मला एका दुपारी सांगितली. सांगताना ते ओसरीवर येरझारा घालत होते, त्यामुळे ती मला अर्धी डाव्या कानाने आणि अर्धी उजव्या कानाने ऐकावी लागली.

लग्नात अक्कांबरोबर माहेरहून एक कालवड आली होती. देवणी जातीची, अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. नाव गवरी. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला. मन्मथप्पा रोज दुसऱ्यांची जनावरं विकत होते, आणि आपल्या दारातलं एक मरताना बघत होते. शेवटी त्यांनी गवरीला बाजारात न्यायचं ठरवलं. जनावर विकताना त्याचं दावं देत नाहीत, ते घरीच राहतं, नाहीतर गोठा कायमचा रिकामा होतो असं म्हणतात. अक्कांनी जुनं दावं सोडून खुंटीला लावलं, नवा दोर बांधला आणि त्याचं टोक नवऱ्याच्या हातात दिलं.

"तवा हिचा हात माज्या हाताला लागला," मन्मथप्पा म्हणाले. "कोरडा ठाक. म्हणलं, हिची हरकत न्हाई. गेलो घेऊन."

त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. या काळात अक्का गवरीबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. आणि हे न बोलणं मन्मथप्पांना आत कुठेतरी काट्यासारखं सलत होतं. हात कोरडा होता, म्हणजे हरकत नव्हती. मग गोठ्यात दुसरी गाय आणू म्हटलं की अक्का उठून का जातात? दावं खुंटीवरून का काढू देत नाहीत? साऱ्या जिल्ह्याच्या हातांची साक्ष काढणाऱ्या या माणसाला घरच्या एका हाताचा पत्ता लागत नव्हता. बायकांचे हात उपरण्याखाली घ्यायचा रिवाज नाही, आणि स्वतःच्या बायकोचा हात दिवसाउजेडी धरायचा तर त्यांच्या घरात मुळीच नाही.

मी म्हणालो, विचारून बघा. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तोंडाला इचारून काय व्हतंय?"

याच सुमारास त्यांच्या रेडिओचा आवाज बसला. मला कचेरीच्या कामाने नांदेडला जायचं होतं, तर मन्मथप्पा रेडिओ मांडीवर घेऊन माझ्याबरोबर निघाले. तिथे माझ्या ओळखीचे रशीदभाई होते, रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांनी रेडिओ उघडून ठेवला आणि ते चहा सांगायला बाहेर गेले. एवढ्यात मन्मथप्पांनी आतल्या तारांवर दोन बोटं ठेवली. रेडिओ शीळ घालू लागला. बोटं दाबली की शीळ चढे, सैल सोडली की उतरे.

रशीदभाई धावत आले. "अप्पा, हात काढा. हे बिघडलेल्या रेडिओचं लक्षण हाय."

"उलट ह्यो आता सुदारला," मन्मथप्पा म्हणाले. "आजवर दुसऱ्याचं गाणं म्हणायचा. आता माजं म्हणालाय."

मग त्यांनी रशीदभाईंचा हात तारांवर ठेवला. वेगळी शीळ. माझा ठेवला. आणखी वेगळी. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाचाही ठेवला, तो बिचारा बॅटरी घ्यायला आला होता. उपरण्याखाली जे एकट्या मन्मथप्पांना कळायचं ते आता सगळ्यांच्या कानाला ऐकू येत होतं. परतीच्या बसमध्ये ते बसलेच नाहीत. अहमदपूरपर्यंत दांडी धरून उभे होते आणि मधूनच वाकून मला सांगत होते, "आता बाईचा हात आपुन धरायची गरजच न्हाई. यंत्रच धरंल."

पुढचे काही महिने घरात शांतता नव्हती. मन्मथप्पांना यंत्र नुसतं पेटीत नको होतं. पेटीला हात कोण लावणार? माणूस हात लावतो तो जनावराला. म्हणून सुताराकडून त्यांनी लाकडाचं डोकं करून घेतलं, गळ्यापर्यंत. शिंगांना पितळी पत्रा मढवला. एक तार या शिंगाला, एक त्या. पोटाच्या जागी जुन्या हार्मोनियमची पेटी, तिच्यात रशीदभाईंची करामत आणि एक भोंगा. डोळ्यांत दोन छोटे दिवे. दोन्ही शिंगं दोन हातांनी धरली की आतून सूर निघे. हात जसा, तसा सूर. कधी पुंगीसारखा, कधी वासराच्या हंबरण्यासारखा, आणि घाम वाढला की सूर वर चढून डोळे उजळत. मन्मथप्पा त्याला नुसतं 'जनावर' म्हणत. गल्ली म्हणे 'अप्पांचा रडका बैल'. रंग त्यांनी स्वतः दिला, पांढरा, आणि तोंडाच्या बाजूंना काळा.

गल्लीतला प्रत्येक हात तपासून झाला. ड्रॉइंग मास्तरांची बदली व्हायची होती, त्यांनी शिंगं धरल्यावर जनावर असं काही विव्हळलं की मास्तरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, घरात तर म्हणत होते, कुठंही टाकू द्या, आपल्याला काय. न्हावी धरताना हसत होता, पण सूर थरथरत होता. मन्मथप्पा म्हणाले, "वस्तऱ्याचा हात असा? मी आता दाढी घरीच करतो." न्हावी दोन दिवस बोलला नाही.

अक्का तेवढ्या जनावराच्या जवळ येत नव्हत्या. ओसरी सारवायची तरी त्याला वळसा घालून. मन्मथप्पा घाई करत नव्हते, म्हणजे निदान तसं म्हणत होते. जिल्ह्याच्या निमित्ताने मैदानावर प्रदर्शन भरणार होतं. तिथे चार लोकांसमोर जनावर खरं ठरलं, की अक्काही आपण होऊन हात लावतील, असा त्यांचा हिशेब. "यकदा तिनं धरू द्या. मग मला कळंल, त्या दिवशी मी बरोबर केलं का न्हाई." हे म्हणताना त्यांचे हात उपरण्याखाली होते.

प्रदर्शनात बियाण्यांचे, खतांचे, पंपांचे मांडव होते. कोपऱ्यातल्या मांडवात जनावर उभं केलं. रशीदभाई खास नांदेडहून आले होते आणि पेटीजवळ स्टुलावर बसून तारा सांभाळत होते. भाषण करून एक साहेब फेरीला निघाले. टंचाईची चिंता करण्याचं काही कारण नाही, असं त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. कुणीतरी त्यांना नारळपाणी पाजलं होतं, ते हातावर सांडलेलं होतं. त्यांनी हसत हसत दोन्ही शिंगं धरली. जनावराने असा टाहो फोडला की शेजारच्या मांडवातला पंपवाला पंप बंद करायला धावला. डोळ्यांतले दिवे भगभगले.

मन्मथप्पांनी निकाल जाहीर केला, "साहेबांच्या जिवाला लई घोर हाय."

लोक हसले. साहेबांनी हात रुमालाला पुसले आणि बरोबरच्या माणसाला विचारलं की हा मांडव कुठल्या खात्याचा. माझ्या वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी, एका लाकडी बैलाने उपस्थितांचे मनोरंजन केले, एवढं एक वाक्य आलं. ते मीच लिहिलं होतं.

साहेबांनंतर गर्दी वाढली. व्यापारी आले, कॉलेजची मुलं आली. जनावर सगळ्यांसाठी गायलं. मग रोजगार हमीच्या कामावरच्या बायका आल्या. खडी फोडून सरळ इकडे आलेल्या, लुगड्यांवर पांढरी धूळ. आधी एकमेकींना ढकलत, लाजत होत्या. मग एकीने शिंगं धरली. आवाज नाही. दुसरीने धरली. आवाज नाही. रशीदभाईंनी तार तपासली, स्वतः शिंगं धरली, जनावर वाजलं. तिसरीने धरली, पुन्हा मुकं.

"अप्पा, तुमचं जनावर सायबालाच वळखतंय," एक जण म्हणाली आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या.

त्यांच्यातली एक थोराड बाई हसली नाही. तिने पुढे येऊन दोन्ही शिंगं मुठीत धरली, चारा मागणाऱ्या गुराचं डोकं धरावं तशी, आणि वाट बघत राहिली. "परवा माजी म्हस गेली," ती म्हणाली. "उभ्या उभ्या खाली बसली ती उठलीच न्हाई. अजून घट्ट धरू का?"

जनावर गप्प होतं. तिने शिंगं सोडली, जरा खजील होऊन मन्मथप्पांकडे बघितलं, जणू तिचंच काही चुकलं होतं, आणि ती बायकांमागे निघून गेली.

मन्मथप्पा रशीदभाईंच्या स्टुलाशी गेले. "यंत्र बिगडलं का?"

"यंत्र ठीक हाय, अप्पा. हे घामावर चालतं. त्यांचे हात खडी फोडून पत्थर झालेत. करंट जात नाही."

"म्हंजे आत काय न्हाई, असं न्हवं?"

"आतलं मला काय ठाऊक?" रशीदभाई म्हणाले. "मी तर रेडिओ दुरुस्त करून राहिलो."

मन्मथप्पांनी प्रदर्शन संपायची वाट बघितली नाही. जनावर हातगाड्यावर चढवलं, आणि आम्ही गाड्यामागून घराकडे निघालो. रोज माझ्या चार पावलं पुढे असणारा हा माणूस त्या दिवशी मागे राहत होता. गोलाईच्या गोल बाजारपेठेला वळसा घालताना ते म्हणाले, "बहात्तर साली बाजारात समदे हात कोरडे व्हते. माणसं तलावाच्या कामावर माती उपसून बाजारात यायची. मी म्हणलो, लोक मोकळ्या मनानं इकालेत. धडाधड सौदे केले." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "घरची बी तवा त्याच कामावर जात व्हती."

घरी येऊन त्यांनी जनावर ओसरीवर ठेवलं आणि पक्कड शोधू लागले. मी विचारलं, काय करता? म्हणाले, तारा काढतो. चुकीची साक्ष देणारं जनावर घरात कशाला? पक्कड सापडेना. ते ट्रंकेमागे बघत होते, माळ्यावर बघत होते. एवढ्यात आतून अक्का आल्या. हात पिठाने माखलेले नव्हते, ओले नव्हते, नुकतेच पदराला पुसलेले. त्या सरळ जनावरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही शिंगं धरली.

आवाज झाला नाही.

"ऱ्हाऊ दे," मन्मथप्पा माळ्याच्या शिडीवरूनच म्हणाले. "तुज्या हातानं वाजणार न्हाई त्ये."

"वाजायला कशाला पायजे?" अक्का म्हणाल्या. त्यांनी डाव्या शिंगावरून तळहात फिरवला. "हिचं डावं शिंग खाली वळलेलं व्हतं. तुमी दोनी सरळ केल्यात."

इतके महिने गल्ली ज्याला बैल म्हणत होती ते जनावर कोण आहे, हे मला तेव्हा कळलं. अक्कांना पहिल्या दिवसापासून माहीत असावं.

मन्मथप्पा शिडीवरून उतरले. उपरणं खाली पडलं होतं, ते त्यांनी उचललं नाही. "तवा का बोलली न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?" अक्का म्हणाल्या. "तुमी हात बगितलाव."

मन्मथप्पांचे मोकळे हात काय करावं ते न सुचून एकमेकांना धरू बघत होते आणि सोडत होते. मग ते ओसरीच्या पायरीवर बसले. मी त्यांना पूजेखेरीज असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मग आता इचारालोय," ते म्हणाले. "सांग."

मी माझ्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. भिंत पातळ होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता, आणि तो एकट्या अक्कांचा होता. गवरीने पहिलं दूध दिलं तिथपासून की ती दारातून बाहेर पडली तिथपासून, कुठून सुरुवात केली होती कोण जाणे. टँकर आला, गल्लीत घागरींचा गलका झाला, टँकर गेला. भिंतीपलीकडचा आवाज थांबला नव्हता. मधे कुठेच 'काय न्हाई' ऐकू आलं नाही.

सकाळी बाहेर आलो तर जनावर ओसरीच्या खांबाशी होतं. डाव्या शिंगाचा पत्रा ठोकून खाली वळवलेला होता, जरा ओबडधोबड. गळ्यात खुंटीवरचं जुनं दावं होतं. आतल्या तारा शाबूत होत्या की काढल्या होत्या, ते मी बघितलं नाही.

मन्मथप्पा गल्लीच्या तोंडाकडून परत येत होते. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. उपरणं खांद्यावरच होतं.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं, आणि माझं उत्तर येईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.